रेघांची गन आणि सुटा तांदूळ

पुण्याचा चांदणी चौक मागे पडला की पौड रस्त्यावरची, मुळशी तालुक्यातली भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावं आता एकमेकांत शिरलेली दिसतात. भातखाचरांच्या बांधांवर गृहप्रकल्पांचे फलक उभे आहेत आणि नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर किराणा दुकानं. पाटीवर ‘सुपर शॉपी’ लिहिलेलं असतं. आत पाऊल टाकलं की वास मात्र तोच जुना, हळदीचा, धुण्याच्या साबणाचा आणि गोणपाटाचा. गिऱ्हाईकही दोन तऱ्हांचं. एक हिंजवडी-माणच्या कंपन्यांत कामाला जाणारं, संध्याकाळी घाईत येऊन फोनवरून पैसे देणारं. (हिंजवडी आणि माण हीदेखील मुळशी तालुक्यातलीच गावं, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं.) दुसरं पौडच्या पलीकडून, धरणाकडच्या वाड्यावस्त्यांवरून येऊन महिन्याचा बाजार एकदम भरणारं. पहिल्याला बिल हवं आणि लगेच हवं. दुसऱ्याला कट्टा हवा आणि तो गाडीवर बांधून हवा.

काउंटरवरच्या वायरवाल्या स्कॅनरचं पहिल्याशी जमतं, दुसऱ्याशी नाही. साबणाची वडी त्याच्यासमोर धरता येते. पंचवीस किलोचा तांदळाचा कट्टा किंवा पंधरा लिटर तेलाचा डबा उचलून कोण धरणार? मग कामाचा पोरगा कट्ट्याजवळ उकिडवा बसून बारकोडखालचे आकडे ओरडून सांगतो, काउंटरवरचा माणूस ते टाइप करतो आणि तेरा आकड्यांतला एखादा चुकतो. बिनवायरीचा हातातला स्कॅनर या दुकानांना हवासा वाटतो तो या कट्ट्यांपायी. माल काउंटरपर्यंत न्यायचा नाही, वाचणारं यंत्रच मालापाशी न्यायचं. दुकानात त्याला स्कॅनर फारसं कोणी म्हणत नाही. ‘गन’ म्हणतात. ‘गन मारली का?’, ‘गन चार्जिंगला लाव’, ‘ह्याला गन लागंना’.

पिरंगुटच्या अलीकडच्या एका दुकानात अशी गन नवी आली, तेव्हा ती कामाला लागेपर्यंतची खटपट जवळून पाहायला मिळाली. मालकांना सगळे आबा म्हणतात. बिलिंग सूनबाई सांभाळतात. आबांची समजूत अशी, की एवढे पैसे घालून गन आणली म्हणजे आता मालाचा हिशोब तीच ठेवणार.

“आबा, ती नुसती टाइप करते,” सूनबाई म्हणाल्या. “हिशोब आपल्यालाच ठेवायचाय.”

या यंत्राबद्दल इतकं नेमकं वाक्य त्याच्यासोबतच्या माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. गन संगणकाला जोडली की संगणक तिला कीबोर्ड समजतो, दुसरं काही नाही. तिने रेघा वाचल्या की त्या तेरा आकड्यांच्या कळा ती एकामागून एक, डोळ्याचं पातं लवायच्या आत दाबते आणि शेवटी एंटर मारते. वस्तू कोणती, किंमत किती, शिल्लक किती, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. म्हणजे काउंटरवर आपण एक अतिवेगवान टंकलेखक बसवलेला आहे. तो दिसेल ते बिनचूक टाइप करतो, पण कोणत्या कागदावर करतोय हे बघत नाही. कर्सर बिलाच्या रकान्यात असेल तर बिलात, गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी असेल तर गिऱ्हाइकाचं नाव ‘आठ नऊ शून्य एक…’. सुरुवातीला असं होतंच.

म्हणून गन खोक्यातून काढली की लगेच बिलिंगच्या प्रणालीकडे धावू नये. आधी ती पुरती चार्ज करावी. सोबत नखाएवढा डोंगल येतो, तो संगणकाच्या यूएसबी खाचेत घालावा. पुस्तिकेत ‘जोडणी’चा एक बारकोड छापलेला असतो, तो गनने वाचला की दोघांची ओळख पटते आणि टीं टीं वाजतं. मग नोटपॅडचं कोरं पान उघडून हाताला येईल ते मारून पाहावं: बिस्किटाचा पुडा, टूथपेस्ट, घरातलं एखादं पुस्तक. आकडे ओळीत नीट पडले, प्रत्येकानंतर ओळ बदलली, छापील आकड्याशी जुळले, की गन ठीक आहे. पुढे काही अडलं तर दोष दुसरीकडे शोधायचा. ही पाच मिनिटांची चाचणी न केल्यामुळे पुढचे चार दिवस फोनाफोनीत जातात, असा या धंद्यातल्या पोरांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे.

गंमत म्हणजे गनला बटणं जवळजवळ नसतातच. तिला काही सांगायचं झालं तर तेही बारकोडनेच. आवाज कमी कर, शेवटी एंटर मारू नकोस, त्याऐवजी टॅब मार, अमुक देशाचा कीबोर्ड आहे असं समज. प्रत्येक हुकमाच्या रेघा पुस्तिकेत छापलेल्या असतात. त्यामुळे ती पुस्तिका लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. एखाद्या नातवाने खेळता खेळता पानभर रेघांवर गन मारली की ती जर्मन कीबोर्ड धरून बसते, वायच्या जागी झेड आणि झेडच्या जागी वाय उमटवते, आणि दुकानातला प्रत्येक जण तिला व्हायरस लागला असं ठरवून मोकळा होतो. ‘मूळ स्थिती’चा बारकोड पुस्तिकेच्या पहिल्या एकदोन पानांवर असतो. त्याची झेरॉक्स काढून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवणारा दुकानदार शहाणा.

आपल्याकडे एक वेगळीच गफलत होते, ती परदेशात लिहिलेल्या पुस्तिकेत असण्याचं कारण नाही. गन अक्षर पाठवत नाही, कळेची जागा पाठवते. त्या कळेला कोणतं अक्षर द्यायचं ते संगणक ठरवतो. दुकानाच्या संगणकावर गिऱ्हाइकांची नावं मराठीत लिहिण्यासाठी मराठी कीबोर्ड चालू केलेला असेल आणि तसाच राहिला असेल, तर गनचं टंकलेखनही मराठी होतं. बारकोडमध्ये रोमन अक्षरं असतील तर पडद्यावर काना-मात्रांचा चिवडा दिसतो आणि चूक लगेच कळते. पण नुसते आकडे असले आणि त्या कीबोर्डावर आकड्यांच्या कळांनाही देवनागरी अंक दिलेले असले, तर पडद्यावर ८९० पासून सुरू होणारा, दिसायला अगदी बरोबर क्रमांक उमटतो आणि संगणक म्हणतो, असा माल नाही. माणसाच्या डोळ्याला देवनागरी आठ आणि इंग्रजी आठ एकच. यादीच्या लेखी ती दोन निराळी चिन्हं आहेत. अशा वेळी गन बदलून मागण्याआधी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात भाषा कोणती दिसते ते पाहावं.

जे दुकानदार बिलिंगची प्रणाली न घेता एक्सेलवर भागवतात, त्यांची आणखी एक परवड होते. तेरा आकडी क्रमांक वाचला की एक्सेल त्याला मोठी रक्कम समजून ‘८.९ई+१२’ असलं काही दाखवतं, आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते गिळून टाकतं. गन मारण्याआधी तो अख्खा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून ठरवून ठेवला की हे थांबतं. बारकोडचा आकडा ही रक्कम नाही, ते नाव आहे. त्याची बेरीज करायची नसते.

आता त्या रेघांकडे पाहू. ही कल्पना अमेरिकेतल्या नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांची. गिऱ्हाइकाने घेतलेला माल आपोआप ओळखता येईल का, हा किराणा व्यापाऱ्याचा प्रश्न १९४८ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेत त्यांच्या कानावर आला. वुडलँडला बालवीर असताना शिकलेली मोर्स लिपी येत होती. मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याने वाळूत ठिपके आणि रेघा काढल्या, बोटांनी त्या खाली ओढल्या, आणि जाड-बारीक पट्ट्या तयार झाल्या. पेटंट १९५२ मध्ये मिळालं. स्वस्त लेझर आणि संगणक यायला आणखी वीस वर्षं लागली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट या रेघांवरून पहिल्यांदा विकलं गेलं. किंमत ६७ सेंट.

आपल्या बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकडी रेघा त्याच घराण्यातल्या. एकूण पंच्याण्णव समान पट्ट्या, काही काळ्या, काही पांढऱ्या. दोन्ही टोकांना आणि मधे पहारेकरी रेघा, बाकी प्रत्येक आकड्याला सात पट्ट्या. गणित केलं तर जागा बारा आकड्यांपुरतीच भरते. मग तेरावा कुठे गेला? सर्वांत पहिल्या आकड्याच्या रेघा काढलेल्याच नसतात. त्याच्या पुढचे सहा आकडे लिहिण्याचे दोन-दोन प्रकार आहेत; कोणता आकडा कोणत्या प्रकाराने लिहिलाय त्या क्रमावरून पहिला आकडा ओळखायचा. म्हणजे आपल्या मालावरच्या ८९० मधला आठ हा आकडा कागदावर छापलेला दिसतो, रेघांत मात्र तो शेजाऱ्यांच्या वागण्यावरून कळतो. इतकी देखणी युक्ती आपण रोज कचऱ्यात टाकतो.

शेवटचा आकडा राखणदाराचा. पहिल्या बारांपैकी विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करायची, सम जागांवरच्यांची बेरीज तिप्पट करून तिच्यात मिळवायची, आणि येणाऱ्या संख्येला दहाने भाग जाण्यासाठी जे कमी पडेल ते तेराव्या जागी लिहायचं. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ घ्या. विषम जागांची बेरीज २८, सम जागांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. दहाने भाग जातो, म्हणून शेवटी शून्य. पोरगा ओरडून सांगताना एखादा आकडा चुकला तर हा राखणदार हमखास पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. त्या दोघांत पाचाचा फरक असेल, म्हणजे एक-सहा किंवा दोन-सात अशी जोडी असेल, तर मात्र तो फसतो.

गन लागत नाही तेव्हा कारण बहुधा साधं असतं. तिचा प्रकाश बहुतेकदा लाल. लाल उजेडात लाल शाई पांढरीच दिसते, त्यामुळे पांढऱ्या पिशवीवर हौसेने लाल रेघा छापल्या तर माणसाला सुंदर दिसतात आणि गनला कोरा कागद दिसतो. रेघांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते; पिशवीवर भाताच्या लोंबीचं चित्र बसवण्यासाठी ती खाल्ली की काम बिघडलं. तेरा आकडी बारकोडचा ठरलेला आकार साधारण ३७ गुणिले २६ मिलिमीटर आहे, तो ऐंशी टक्क्यांपर्यंतच लहान करावा असा दंडक. आणि एक कारण अगदी आपलंच. खंडेनवमीला तराजू, कात्री, संगणक यांच्याबरोबर गनचीही पूजा होते. गंध-कुंकवाचं बोट पुढच्या काचेवर टेकलं की दसऱ्याच्या सकाळी, ऐन गर्दीत, ‘गन लागंना’. कुंकू मुठीवर लावावं.

बिनवायरीच्या भागाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात, पण सांगण्यासारखं त्यात थोडकंच आहे. डोंगल असो की ब्लूटूथ, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वायफायही तिथेच बोलतं, त्यामुळे तिथे वर्दळ असते. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं; लोखंडी रॅक आणि मागच्या गोदामाची भिंत आड आली की ते पार घटतं. डोंगल संगणकाच्या पाठीमागे, टेबलाखाली, निळ्या यूएसबी खाचेत असेल तर त्या खाचेच्या स्वतःच्या गोंगाटानेही त्रास होतो. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणला की निम्म्या तक्रारी मिटतात. गन ब्लूटूथने मोबाइलला जोडली तर मोबाइलचा पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो, कारण फोनला वाटतं, खरा कीबोर्ड मिळालाय. फोन बिघडलेला नसतो. पुष्कळ गनांत घोडा दोनदा पटकन दाबला की कीबोर्ड परत येतो.

खरं काम यानंतर सुरू होतं आणि त्याला बॅटरी लागत नाही. ते म्हणजे यादी. गनने दिलेला आकडा कशाचा, हे आपण आधी कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल तरच बिल होतं. रेघांत किंमत असते, हा गैरसमज काउंटरच्या दोन्ही बाजूंना आहे. किंमत रेघांत नसते. मालाचं नावही नसतं. दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर एकदा गन मारून तिच्यापुढे नाव, वजन, विक्रीची किंमत, कराचा दर भरायचा. आबांच्या दुकानात हे काम रात्री शटर अर्धं ओढून चाललं होतं. आबा मांडणीवरून एकेक वस्तू उचलून द्यायचे, सूनबाई भरायच्या. आबांना त्यांच्या दुकानात काय काय आहे हे तेव्हाच नीट कळलं असावं. मागच्या फळीवरून असे काही शांपू निघाले, की ती कंपनी अजून आहे का याचीच दोघांना शंका.

त्यात भारतीय बाजाराची खास भानगड म्हणजे एमआरपी. एकाच साबणाच्या जुन्या आणि नव्या खेपेवर वेगवेगळी किंमत छापलेली असते, रेघा मात्र त्याच. गन दोन्हींना एकच आकडा सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, अंगाचा साबण, टूथपेस्ट, शांपू, केसांचं तेल हे अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आले. त्या वर्षीच्या दिवाळीआधीच्या गर्दीत एकाच मांडणीवर जुन्या आणि नव्या किमतीचे सख्खे जुळे शेजारी शेजारी बसले होते. अशा वेळी प्रणाली पडद्यावर दोन किमती दाखवून विचारते, यातली कोणती? उत्तर देण्यासाठी पुडा उलटून छापलेली किंमत वाचावी लागते, डोळ्यांनी. इतकं यांत्रिकीकरण करून अखेर आपण चष्म्यापाशीच येतो.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग मुळशीत दिसतो तो तांदळापाशी. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांतून आलेल्या प्रत्येक पुड्यावर रेघा आहेत. दुकानाच्या मागच्या खाचरात पिकलेल्या तांदळावर नाहीत. हा तालुका भाताचा. मुळेच्या खोऱ्यातली भाताची जमीन टाटांच्या धरणाखाली जाऊ नये म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांनी इथल्या शेतकऱ्यांसह सत्याग्रह केला. धरण झालं, खोरं बुडालं, उरलेल्या जमिनीत आजही भातच. पूर्वी आंबेमोहोर, आता बहुतेक इंद्रायणी. इंद्रायणी शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला वाण. दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी होते, गिरणीतून भरडून आलेलं पोतं थेट दुकानात येतं, आणि आबा आलेल्या माणसाला नाव विचारत नाहीत. ते त्याच्या वडिलांनाही ओळखत असतात.

या पोत्यावर गन कुठे मारायची? त्याच्यासाठीही व्यवस्था आहे. तेरा आकडी क्रमांकांत विसापासून एकोणतिसापर्यंत सुरू होणारे क्रमांक जगात कुठल्याच कंपनीला दिले जात नाहीत. ते दुकानांनी स्वतःच्या चार भिंतींत वापरायचे. मोठ्या दुकानात सुटी डाळ वजनकाट्यावर ठेवली की जी चिठ्ठी निघते, तिच्यावरच्या रेघा या जातीच्या. तिच्या पोटात मालाचा दुकानी क्रमांक आणि त्या पुडीचं वजन किंवा किंमत भरलेली असते. लेबल छापणारं छोटं यंत्र आणि त्याला जोडलेला काटा असला की आबाही हे करू शकतात. फक्त उष्णतेवर छापणारा कागद वापरला तर ते लेबल उन्हात, तेलाच्या हाताने, कधी नुसत्या दिवसांनीच फिकं पडतं. आणि ताम्हिणीकडून पाऊस उतरला की श्रावणापर्यंत दुकानातली हवा अशी ओली असते, की चिकटवलेलं काही चिकटून राहत नाही.

पण तांदूळ नाव-वजन छापून पुड्यात भरला की त्याची जातच बदलते. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या तांदळावर नोंदणीकृत व्यापाऱ्याला पाच टक्के जीएसटी लागला. गिऱ्हाइकासमोर पोत्यातून मोजून दिलेल्या सुट्या तांदळाला तो नाही. त्यानंतर देशात काही ठिकाणी सव्वीस किलोचे कट्टे बाजारात आले, ते भारतीय व्यापाऱ्याच्या बुद्धीला शोभणारंच होतं. आबांनी हा हिशोब गनशिवाय, तोंडी केला आणि निकाल दिला: काउंटरवर यादीत क्रमांक असू दे, पुड्या भरायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या दुकानात तांदळाच्या रेघा तांदळावर नाहीत. एका प्लॅस्टिकच्या फळकुटावर पाच-सहा बारकोड चिकटवलेत, प्रत्येकाखाली मराठीत नाव. पोरगा काट्यावर मापतो, सूनबाई फळकुटावर गन मारतात आणि वजन हाताने घालतात. विक्रेत्याने दाखवलेल्या झगमगाटी व्यवस्थेपेक्षा ही तोडगा-व्यवस्था मला जास्त समजूतदार वाटली.

आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे त्याचं नाव आणि त्याची भूमी यांचं नातं कायद्याने मान्य केलेलं आहे. पण पाकिटावरच्या रेघांत या नात्याचा मागमूस नाही. ८९० म्हणजे भारतात बनलेलं, अशी सर्रास समजूत आहे. ते आकडे इतकंच सांगतात, की हा क्रमांक घेणारी कंपनी जीएस१ इंडिया या दिल्लीच्या संस्थेची सभासद आहे. आतला माल कुठलाही असू शकतो. आंबेमोहोर म्हणून दुसराच बारीक सुवासिक तांदूळ विकणाऱ्याच्या पाकिटावरही रेघा तितक्याच सरळ असतात आणि गन तितक्याच आनंदाने टीं करते.

हे व्हायलाच हवं असं नाही. आपल्या द्राक्षवाल्यांनी वेगळं करून दाखवलंय. युरोपात फवारणीच्या औषधांच्या अंशांवरून द्राक्षं अडल्यावर ‘अपेडा’ या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. निर्यातीच्या बागेची नोंदणी, तपासणीचा अहवाल, पॅकहाउस हे सगळं एका साखळीत. परदेशातल्या पेटीवरच्या क्रमांकावरून नाशिक-सांगलीच्या बागेपर्यंत मागे येता येतं. जनावरांचंही तसंच. गोठ्यातल्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो, त्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड असतो. लसीकरण आणि उपचारांची नोंद त्या क्रमांकाखाली होते. चिखलाने माखलेल्या, सतत हलणाऱ्या कानावरच्या रेघा वाचणं हे कुठल्याही काउंटरपेक्षा अवघड काम आहे, पण गाय कोणाची आणि कुठली, हे त्या आकड्यामागे लिहिलेलं असतं. गाईला आहे, द्राक्षाला आहे, तांदळाला नाही.

आणि कधी कधी रेघांचं काम नेमकं उलटं, नाव झाकायचं असतं. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर चिकटवलेला बारकोड आठवा. तपासणाऱ्याला मूल कोणाचं ते कळू नये म्हणून तो असतो. नावाकडे नेणं किंवा नावापासून लपवणं, दोन्ही गोष्टी त्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या करतात. त्यांच्यामागची वही कोणाच्या हातात आहे त्यावर ते ठरतं.

आबांच्या दुकानात ही वही आता सूनबाईंच्या हातात आहे, आणि गनचा खरा उपयोग त्यांना विक्रीपेक्षा मोजदादीला होतो. बऱ्याच गनांत साठवणीची सोय असते: डोंगलपासून दूर, मागच्या गोदामात जाऊन एकेक वस्तू मारत जायची, क्रमांक गनच्याच पोटात राहतात. काउंटरवर आल्यावर ‘सगळं ओत’ असा हुकमाचा बारकोड वाचला की शेकडो आकडे एकदम पडद्यावर धो धो पडतात. त्या वेळी कर्सर कोऱ्या पानावर हवा. चुकून उघड्या बिलात असेल तर गोदामातला सगळा माल कोणातरी एका गिऱ्हाइकाच्या नावावर चढतो. मार्चअखेरीची मोजदाद अशी एका संध्याकाळीत उरकते. लक्ष्मीपूजनाला मात्र आबा लाल चोपडीच पुढे ठेवतात, संगणकाला लांबून फूल.

नवी गन घ्यायची असेल तर रेघांबरोबर चौकटी, म्हणजे क्यूआर, वाचणारी घ्यावी. जुन्या लेझरच्या गना कागदावरच्या रेघा छान वाचतात, पण क्यूआर त्यांना वाचता येत नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरच्या रेघाही सहसा लागत नाहीत. क्यूआर जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढला. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो पाठ्यपुस्तकांत आणला, आणि ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या तीनशे औषधांवर तो किंवा बारकोड सक्तीचा झाला. क्यूआरच्या पोटात नुसता क्रमांक नाही, खेप आणि तारीखही मावते. २०२७ अखेरपर्यंत काउंटरवर असे चौकोनी संकेत वाचले जावेत, असं जीएस१च्या जागतिक संघटनेने जगभरच्या दुकानांसाठी ठरवलं आहे. तसं झालं तर तांदळाच्या पाकिटावर वाण, वर्ष आणि गाव लिहायला जागा मिळेल. लिहिणारा हवा.

तोवर फळकुट आहे. त्याच्यावरून मधे सासरे-सुनेत थोडी वादावादी झाली. यादीत सूनबाईंनी पहिल्यांदा ‘इंद्रायणी नवा’ आणि ‘इंद्रायणी जुना’ असे दोन क्रमांक केले होते. इंद्रायणी मुळात चिकट, नवा असताना तर भात गोळाच होतो. म्हणून वर्षभर मुरलेल्या तांदळाला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं. पण दिवाळी आली, नवीन पोती उतरली, आणि कालपर्यंत नवा असलेला तांदूळ एका रात्रीत जुना झाला. क्रमांक तोच, पोतं तेच, भाव वाढलेला. शिल्लक एका नावातून दुसऱ्या नावात ओतायची तर कोणत्या दिवशी? आबा म्हणाले, “पाडव्याला.” सूनबाईंनी दोन्ही नावं काढून टाकली आणि कापणीचं साल घातलं: ‘इंद्रायणी २०२४’, ‘इंद्रायणी २०२५’. नवा-जुना गिऱ्हाइकाशी बोलताना म्हणायचं, यादीत साल. फळकुटावर आता दर दिवाळीला एक बारकोड खालून लागतो आणि सर्वांत वरचा, त्या सालाचं पोतं संपलं की, नखाने खरवडून काढतात.